तळहाताएवढी सकाळ

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिल्या त्या उभ्याच राहिल्या. खुंटीवरचा टॉवेल निळा होता. शाईच्या दौतीत बुडवून काढावा इतका निळा. हा टॉवेल त्यांनी स्वतः दुकानात उभं राहून निवडला होता, आणि निवडताना दुकानदाराला सांगितलं होतं की मला भडक काही नको, हा राखाडीच द्या. दुकानदाराने एकदा टॉवेलकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं होतं, आणि कशाला उगाच हुज्जत म्हणून मुकाट्याने बांधून दिला होता. त्याचं ते बघणं त्यांना आत्ता, पाच वर्षांनी कळलं. त्यांनी ऑपरेशन झालेला उजवा डोळा तळव्याने झाकला. टॉवेल पुन्हा राखाडी झाला, थोडा हिरवट, साचलेल्या पाण्यासारखा. मग डावा झाकला. निळा. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं, आणि मग कोणी पाहत नसतानाही त्यांना ओशाळल्यासारखं झालं. बाहेरच्या खोलीत आल्या तर भिंती पांढऱ्या होत्या. चार वर्षांपूर्वी रंगाऱ्याला त्यांनी याच भिंतींवरून फैलावर घेतलं होतं, पांढरा सांगून हे पिवळट काय फासलंस म्हणून. तो बिचारा डब्याचं झाकण घेऊन पुढे आला होता आणि याच्याहून पांढरं बाजारात मिळत नाही असं पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याला त्या म्हणाल्या होत्या, मला रंग शिकवू नकोस. आता त्या भिंतीपाशी खुर्ची ओढून बसल्या. आनंद व्हायला हवा होता. डॉक्टर पट्टी काढताना सगळ्यांनाच म्हणतात तसं म्हणाले होते की आता जग नवं दिसेल, आणि मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता सहज बोलून गेले होते की हा दहा-बारा वर्षांचा तरी मोतीबिंदू असणार, इतके दिवस चालवलंत कसं. बाईंनी तेव्हा हसून सोडून दिलं होतं. आता ते दहा-बारा वर्षं हे शब्द एखाद्या न बोलावलेल्या पाहुण्यासारखे समोर येऊन बसले, आणि उठायचं नाव घेईनात.

चौतीस वर्षं त्या कलाशाळेत चित्रास्वाद शिकवत होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत. निवृत्तीला एक सत्र उरलं होतं. वर्गात पडद्यावर एकामागून एक जगातली नावाजलेली चित्रं यायची आणि बाई हातातल्या लांब काठीने एकेक वस्तू दाखवत जायच्या. नवराबायकोच्या पायाशी हा कुत्रा कशाला आहे? निष्ठा. भरदिवसा झुंबरात एकच मेणबत्ती का जळतेय? सर्वसाक्षी परमेश्वर. हे अर्धवट सोललेलं लिंबू? दिसायला देखणं, चवीला कडू, म्हणजे आयुष्य. मुलं खाली माना घालून लिहून घ्यायची. सुरुवातीच्या वर्षांत बाईंना याची गंमत वाटे, बंद कुलपांच्या किल्ल्या वाटत सुटल्यासारखी. पुढे पुढे मुलं चित्राकडे बघेनाशीच झाली, नुसती काठीच्या टोकाकडे बघू लागली, आणि बाईही. दरवर्षी एक तास त्या कमळांच्या तळ्याच्या चित्रकाराचा असे. म्हातारपणी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्याचं तळं तांबडं-तपकिरी होत गेलं, शेवटी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आपण काय काय रंगवून बसलो हे पाहून तो हादरला, हे सांगताना बाई आवाज थोडा खाली आणत. मुलं तेवढ्यापुरती मान वर करायची. हा तास गेली दहा वर्षं आपण स्वतः तांबड्या-तपकिरी तळ्यात गळ्यापर्यंत उभं राहून घेत होतो, हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. येणार तरी कसं? उजेड एकदम गेला तर माणूस दचकतो. हा रोज चिमूटभर जात होता, आणि त्या दर दोन वर्षांनी चष्म्याच्या काचा पुसायला नवं फडकं घेत होत्या.

आणि मग ते चित्र. शहराच्या संग्रहालयात, वरच्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला. चित्रकाराचं नाव माहीत नाही, त्यामुळे बाईंना ते अधिकच आपलं वाटे. खिडकीपाशी एक स्त्री पाठमोरी उभी, मान किंचित वळलेली, टेबलावर घडी घातलेलं पत्र, एक अर्धं कापलेलं फळ आणि विझलेला दिवा. दिव्याच्या वातीतून धुराची बारीक रेघ वर गेलेली. बाई तरुण असताना या चित्रापुढे नुसत्याच बसायच्या, अर्थ लावायची त्यांना घाई नसे. बारा वर्षांपूर्वी नवरा गेला. आजारपण नाही, काही नाही, दुपारी दाढी करायला बसला आणि साबण तोंडावर तसाच. त्यानंतरच्या वर्षात बाईंनी त्या चित्रावर पुस्तक लिहिलं. सगळं चित्र मावळतीच्या पिवळ्या उजेडात न्हालेलं आहे, पत्र वाचून झालेलं आहे, फळ कापलं पण खाल्लं नाही, आणि ज्याच्यासाठी दिवा लावला तो येणार नाही हे कळल्यावर तिने तो आपल्या हाताने मालवला आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. पुस्तक लोकांना आवडलं, इतकं की संग्रहालयाने भिंतीवरची पाटी बदलून चित्राचं नाव ‘सांज’ केलं. ते अभ्यासक्रमातही लागलं. परीक्षेत हमखास प्रश्न यायचा. एका वर्षी एका मुलीने लिहिलं होतं, की मला ही सकाळ वाटते, उजाडलं म्हणून तिने दिवा विझवला असेल. बाईंनी तिला पंधरापैकी चार गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिलं, चित्र नीट पाहा.

पण तो टॉवेल बघताना बाईंना ती मुलगी आठवली नाही. आठवले ते भाऊजी. त्यांचा धाकटा दीर. नवऱ्याहून नऊ वर्षांनी लहान, म्हणजे लग्न होऊन बाई या घरात आल्या तेव्हा शाळेच्या चड्डीत होता, आणि त्याचं गणित बाईंनीच घेतलं होतं. गणितात तो अगदीच यथातथा होता, पण हात असे की फुटलेली कपबशी जोडली तर सांधा शोधून सापडू नये. पुढे तो जुनी चित्रं साफ करायचं काम शिकला आणि संग्रहालयाची कामं करू लागला. कापसाचे बोळे, बारीक काड्या, बाटल्यांतली उग्र वासाची औषधं. रविवारी जेवायला यायचा तेव्हा त्याच्या बोटांना तो वास असायचा, आणि नवरा म्हणायचा, आधी हात धू, नाहीतर वहिनी भिंतीवर टांगून ठेवील तुला. आठ वर्षांपूर्वी भाऊजींनी त्याच चित्राचं काम काढलं. त्यांचं म्हणणं असं, की हा पिवळेपणा मुळातला नाही, वरून दिलेलं रोगण जुनं होऊन पिवळं पडलंय, ते काढलं तर खाली वेगळंच चित्र आहे. नमुना म्हणून त्यांनी खिडकीच्या खालच्या भागात तळहाताएवढी जागा साफ केली आणि समितीला बोलावलं. समितीत बाई होत्या. त्या चित्रावर बाईंच्या वरचढ कोण बोलणार?

तो दिवस त्यांना टाचणीने टोचून ठेवावा तसा स्पष्ट आठवत होता. त्यांनी पाहिलं, आणि त्यांना काही म्हणता काही वेगळं दिसलं नाही. तीच सांज, मधे थोडा फिकट डाग. भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, “वहिनी, जरा इकडे उजेडात येऊन पाहा.” त्यांच्या स्वरात एक काळजी होती, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जिना उतरवताना असते तशी, आणि तीच बाईंना झोंबली. त्या म्हणाल्या, “इथे मी कुणाची वहिनी नाही.” मग चष्मा लावून चित्राच्या जवळ गेल्या, त्या डागाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं, आणि मूळ रंगाला इजा झाली आहे असं अध्यक्षांना सांगितलं. बोट तिथेच का गेलं हे त्यांनाही माहीत नव्हतं. कुठेतरी जायला हवं होतं. त्यावर भाऊजी जे गप्प झाले ते झालेच. अध्यक्षांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? त्यांनी नकारार्थी मान हलवली. काम थांबलं, अहवालात इजा हा शब्द आला, आणि पुढच्या वर्षी भाऊजींना संग्रहालयाने बोलावलं नाही. त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान घातलं. रविवारचं येणं बंद झालं. बाईंनी पहिले काही रविवार एक ताट जास्त मांडलं, मग ते बंद केलं, मग त्या मौनाला राग म्हणायची सवय लावून घेतली. राग सोपा असतो. येऊन भांडला असता तर मी ऐकून घेतलं नसतं का, असं त्या मनाशी म्हणत. घेतलं नसतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

नवव्या दिवशी काळा चष्मा लावून त्या संग्रहालयात गेल्या. वरच्या मजल्यावर शाळेची एक सहल नुकतीच हलली होती. चित्रासमोर बाकावर बसून त्यांनी काळा चष्मा काढला, आणि बराच वेळ चित्राकडे न बघता जमिनीकडे बघितलं. मग मान वर केली. तपकिरी, पिवळ्या, जुन्या चहासारख्या उजेडाच्या मधोमध, खिडकीच्या खालच्या बाजूला, तळहाताएवढी सकाळ होती. त्या स्त्रीच्या शालीची एक कड त्यात येत होती, ती निळी होती. खिडकीच्या लाकडावर दंव पडल्यासारखा थंड पांढरा उजेड होता. आठ वर्षं ते तिथेच होतं. बाईंनी उजवा डोळा झाकला, तर सगळीकडे एकसारखी सांज पसरली, डागही धड दिसेना. डावा झाकला, तर तो चौकोन असा लख्ख, की बाकीचं चित्र त्याच्याभोवती धुळीने भरलेलं वाटलं. पहारेकऱ्याला वाटलं त्यांना काही होतंय. तो पाणी विचारून गेला. जाता जाता त्यांना ओळखून म्हणाला, की बाई, हा जो उजळ तुकडा आहे ना, तो आशेचं प्रतीक आहे असं आमचे माहितीवाले लोकांना सांगतात, ते तुमच्याच पुस्तकातलं ना? बाई नाही म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं आणि त्याच्या शेवटाला डोळे भरले. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलेलं, म्हणून त्यांनी तेही आवरलं. चित्रात तिने दिवा विझवला होता, कारण उजाडलं होतं. एवढंच. कुणीही शहाणं माणूस उजाडल्यावर दिवा विझवतं. त्या घरी रोज तेच करत होत्या आणि त्याला कधी प्रतीक म्हणत नव्हत्या. परतताना रस्ताभर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली, की ती सांज मग होती कुणाची? नवरा गेला त्याची, की डोळ्यात उतरत होता त्याची? ज्याला आपण बारा वर्षं दुःख म्हणून सांभाळलं, त्यातलं किती दुःख होतं आणि किती मोतीबिंदू? हे कुठल्या डॉक्टरला विचारायचं? त्यांना एकाएकी फार दमल्यासारखं झालं, चालून नव्हे, इतकी वर्षं खात्रीने बोलून. घरी आल्यावर चपला न काढता त्या टेबलाशी बसल्या आणि संग्रहालयाला पत्र लिहिलं. आठ वर्षांपूर्वी मी दिलेलं मत चुकीचं होतं, साफसफाई करणाऱ्याने कोणतीही इजा केली नव्हती, ते रोगणच होतं, चूक सर्वस्वी माझी. अक्षर वेडंवाकडं आलं. एक डोळा एक ओळ धरत होता, दुसरा दुसरी.

पत्र टाकायच्या आधी भाऊजींना दाखवायचं असं ठरवून त्या दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या. चिंचोळी जागा. भिंतींवर कोपऱ्यांचे नुसते नमुने टांगलेले, जसे काही खूपशा चित्रांतून चित्रं तेवढी उडून गेलीत. भाऊजी काच कापत होते. केस सगळे पांढरे, आणि चेहरा नवऱ्याचा, म्हणजे नवरा या वयाला पोचला असता तर जसा झाला असता तसा. याला बाईंची तयारी नव्हती. त्यांनी टेबलाची कड धरली. भाऊजींनी काच खाली ठेवली, स्टुलावरची पुठ्ठ्याची चळत उचलली आणि बसा म्हणाले. डोळ्याला काय झालं विचारलं. बाईंनी ऑपरेशनचं सांगितलं, टॉवेलचं सांगितलं, रंगाऱ्याचंही. भाऊजी ऐकत होते. कधीपासून होता, असं त्यांनी विचारलं, आणि दहा-बारा वर्षं हे उत्तर ऐकल्यावर त्यांचा हात, जो फडक्याने टेबल पुसत होता, तो थांबला. बाईंनी पत्र पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली, पण परत दिलं नाही. म्हणाले, आधी चित्र बघून येऊ. आठ वर्षांत ते एकदाही तिकडे फिरकले नव्हते. दुकानाचं दार ओढून घेऊन ते बाईंच्या डाव्या बाजूने चालू लागले, त्यांचा अधू डोळा ज्या बाजूला होता त्या बाजूने, आणि रस्ता ओलांडताना नुसतं कोपराला बोट लावत होते. वाटेत एकदा म्हणाले की दादाच्या वडिलांसारखंच तुमचंही, सांगितल्याशिवाय दुखणं कळू द्यायचं नाही. दादा म्हणजे बाईंचा नवरा, आणि दादाचे वडील म्हणजे त्यांचेही वडील, पण भाऊजी लहानपणापासून असंच उलटं बोलत.

चित्रासमोर आल्यावर ते लांबच उभे राहिले. मग किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेलं छोटं भिंग काढून पुढे झाले, आणि पहारेकरी खाकरेपर्यंत वाकून बघत राहिले. बाई बाकावर बसून त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. आता ते काहीतरी बोलतील, आठ वर्षांचं साठलेलं, आणि ते आपण मुकाट्याने ऐकायचं, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

“इकडे या,” भाऊजी म्हणाले. “हा कोपरा बघा. खालचा, डावा.”

त्यांनी भिंग बाईंच्या उजव्या डोळ्यासमोर धरलं. निळ्या कडेच्या टोकाशी नखाएवढ्या जागेत रंगच नव्हता. कापडाची उभी-आडवी वीण दिसत होती, उघडी, झिजल्यासारखी.

“हे माझं,” ते म्हणाले. “समिती दोन दिवसांवर आली होती. औषध जरा जास्त वेळ राहिलं. रोगणाबरोबर मूळचा रंगही गेला. त्या दिवशी तुम्ही नेमकं इथेच बोट ठेवलंत.”

बाईंनी भिंगावरून डोळा काढला.

“मला वाटलं, तुम्हाला दिसलं. सगळ्या समितीत एकट्या तुम्हालाच दिसलं, आणि तुम्ही घरचं माणूस म्हणून पोटात न घालता सांगितलंत. मग मी काय तोंड घेऊन बोलणार होतो? आणि रविवारी जेवायला तरी काय तोंड घेऊन येणार?”

“भाऊजी, मला काहीच दिसलं नव्हतं.”

“ते आत्ता कळतंय.”

ते बाकावर येऊन बसले, बाईंच्या शेजारी, मधे एका माणसाची जागा सोडून. दोघंही समोर बघत होते. बाईंना वाटलं होतं की चूक कबूल केली की एक मोठा दगड उतरेल. तो उतरलाच नाही, नुसता दोघांत वाटला गेला. त्या आंधळेपणाने बरोबर ठरल्या होत्या, आणि भाऊजी डोळस असून नखाएवढे चुकले होते, आणि या दोन गोष्टींच्या फटीत आठ वर्षं पडून गेली होती. त्या आठ वर्षांना काठीने दाखवून हे अमक्याचं प्रतीक आहे असं काहीच म्हणता येत नव्हतं. ती नुसती आठ वर्षं होती. त्यांना विचारावंसं वाटलं, की तू रविवारी काय करायचास? पण ते फार उशिराचं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी पत्र परत मागितलं आणि म्हणाल्या की हे आता खोटं झालंय, कोणतीही इजा केली नव्हती असं मी लिहिलंय. भाऊजी म्हणाले की मग ते वाक्य काढा आणि दोन्ही लिहा, पिवळं ते रोगणच आहे हेही आणि कोपऱ्यातलंही, म्हणजे पुढे जो कोणी हात लावेल तो तिथे जपून लावेल.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. औषधाची वेळ झाली होती. बाईंनी पिशवीतून थेंबांची बाटली काढली आणि मान मागे केली, पण हात वर धरून त्यांना नेम साधेना, एक थेंब भुवईवर पडला, दुसरा गालावर. भाऊजींनी बाटली हातातून घेतली. “वर बघा. छताकडे,” ते म्हणाले. एका बोटाने त्यांनी खालची पापणी अलगद ओढली, आणि थेंब जिथे पडायचा तिथेच पडला, गार. मग त्यांनी खिशातला स्वच्छ रुमाल घेऊन गालावरचा ओघळ टिपून घेतला, पुसला नाही, टिपला. पाच मिनिटं मिटून ठेवायचा असं बाईंनी सांगितलं. त्यांनी दोन्ही डोळे मिटले. पहारेकऱ्याच्या बुटांचा आवाज लांब गेला आणि परत आला. शेजारी पत्राची घडी उलगडल्याचं ऐकू आलं, मग पेनाचं टोपण निघाल्याचं.

“मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो. तुम्ही सांगा.”

बाईंनी सांगायला तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना पहिलं वाक्य सापडेना. भाऊजी थांबले. पेन कागदावर टेकलेलं होतं.

“आधी कुणाची चूक घालू?” त्यांनी विचारलं.

“आधी तारीख घाला,” बाई म्हणाल्या.